भैरवीच्या आधी थांबलेल्या अकरा फायली

अण्णा गेल्याचा फोन शेजारच्या दुबेजींनी केला, आणि तेव्हासुद्धा ते म्हणाले, "जमाई साहब, घबराइए मत, आराम से आइए." उज्जैनातच माझ्या नानाखेड्याहून त्यांचं देवास गेट असं कितीसं लांब... पण सासरे गेल्याची बातमीही जावयाला जपून सांगायची, ही त्या घराची रीत दुबेजींनी शेजारी राहून उचलली होती. आता सव्वा महिना होत आला. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो थोडा अण्णांवरही आहे, हे आधीच लिहून टाकतो.

अण्णा रेल्वेत होते. माझ्या सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणायचो, त्या गायच्या. इथल्या मराठी घरांच्या गणेशोत्सवात शेवटच्या दिवशी कार्यक्रम व्हायचा आणि तो दरवर्षी आईंच्या भैरवीने संपायचा. त्यांच्या गुरूंनी बांधलेली ती बंदिश कुठे छापलेली नव्हती, कुठल्या कॅसेटवरही नव्हती. बाजार खुला झाला, परदेशी वस्तू दुकानांत दिसू लागल्या, तसा अण्णांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला, तो केवळ या भैरवीसाठी. अकरा वर्षं त्यांनी तो कार्यक्रम टिपला. आई गेल्या, पुढे टेपांना बुरशी धरू लागली, तेव्हा फ्रीगंजातल्या एका दुकानातून त्यांच्या डीव्हीडी करून आणल्या आणि टेपा टाकून दिल्या. मग प्लेअर अडकायला लागला, आणि मी पुढे झालो.

मी कॉम्प्युटरचे क्लास घेतो. जिथे तिथे अक्कल पाजळायची खोड तेव्हाही होती. "अण्णा, डिस्कवर चरे पडतात. कॉम्प्युटरवर घेऊन टाकू, जन्माची चिंता मिटेल," म्हणालो आणि एका रविवारी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसलो. प्रत्येक डिस्कमध्ये सारख्याच नावाच्या चार-पाच मोठ्या फायली होत्या, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. मला वाटलं, त्याच त्या पुन्हा असतील. पहिली लावून बघितली, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मग प्रत्येक डिस्कची पहिलीच फाइल उचलली, तिला त्या वर्षाचं नाव दिलं आणि बाकीच्या सोडल्या. मध्ये पोहे आले, चहा आला... शेवटपर्यंत एकही बघितली नाही. एकच कार्यक्रम डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असतो, एवढं क्लास घेणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. डिस्क आता कशाला लागतात म्हणून मी पिशवीत घालून माझ्या घरी आणल्या.

आठवड्याने विचारलं, "कसं चालतंय अण्णा?"

"एकदम क्लियर, जावईबापू. कमाल केलीत तुम्ही."

मी फुगलो. महिन्याभराने त्या डिस्क दोऱ्याने अंगणातल्या पेरूला टांगल्या, कारण पोपट एक फळ ठेवत नव्हते. पुढे उन्हाळ्यात अण्णा आले, तोवर उन्हाने डिस्कांचा रंग उडून त्या पार कोऱ्या झाल्या होत्या. ते बराच वेळ झाडाखाली उभे राहिले. "पोपट येत नाहीत का आता?" त्यांनी विचारलं. "अजिबात नाही," मी म्हणालो. "चला, तेवढं बरं झालं." मग आत येऊन त्यांनी चहा घेतला.

तेरवीच्या दिवशी माझी बायको सुनंदा म्हणाली, "आईची भैरवी लावा ना." लावली. दीपप्रज्वलन, गणेशवंदना, हारतुरे... अध्यक्ष "मी दोनच शब्द बोलणार आहे" म्हणाले आणि चित्र तिथेच थांबलं. दुसरी लावली, तिसरी लावली. अकराच्या अकरा तशाच. उज्जैनातल्या यच्चयावत अध्यक्षांना मी जपून ठेवलं होतं. आई एका फायलीत मागच्या रांगेत पदर सावरताना दिसतात, तेवढंच. मेहुणा विनय माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू द्या जीजाजी, होतं असं." जेवायला पानं मांडली तेव्हा पहिलं पान त्याने माझंच मांडलं.

जेवणं झाल्यावर दुबेजी म्हणाले, "भाईसाहब को तो उसी हफ्ते पता चल गया था. हमने कहा, जमाई साहब को बता दो, डिस्क तो उन्हीं के पास है. बोले, जमाई को गलती कैसे बताएँ, बुरा मान जाएँगे."

त्याच आठवड्यात. म्हणजे डिस्क माझ्या कपाटात धडधाकट होत्या. एका फोनचं काम होतं. गाढव म्हणाले असते तरी चाललं असतं, चार लोकांत म्हणाले असते तरी. जावयाचा मान राखला आणि बायकोचा आवाज घालवला... असला मान चुलीत घाला. आणि मीही असा, की मला चूक सांगावी असं त्या माणसाला कधी वाटलं नाही.

"रोज चार बजे लगाते थे," दुबेजी सांगत होते. "जहाँ रुक जाता, उसके आगे भाभीजी वाला गाना खुद गाते थे. पूरा."

सुनंदा एकदम पुढे सरकली. "कैसे गाते थे चाचाजी? कुछ याद है?"

"बिटिया, मराठी में था. हमने कभी ध्यान नहीं दिया."

सुनंदा अण्णांच्या खुर्चीत बसली. तिने पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या ओळीला अडली. विनयकडे बघितलं, त्याने नकारार्थी मान हलवली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला पहिली ओळही येत नव्हती.