पाणी तोडणारे सर

१८ नोव्हेंबर. मी कोठीतला तांदूळ वजन करून घेत होते, तेव्हा कुस्तीचे सर सरावाच्या हॉलची चावी परत द्यायला आले. आश्रमशाळेच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हटली की तांदूळ आलाच. पण आमच्या काट्यावर तांदळापेक्षा पोरं जास्त चढली, ती सरांमुळे.

कुणी पाणी मागितलं की ते कपाळावर बोट आपटायचे. "तहान इथं असते रं. पोटात नाय."

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. रसायनीच्या कारखान्यातली पाळी संपवून स्कूटरवर यायचे, फुकट शिकवायचे. स्पर्धा आली की पोरांना स्वेटर घालून पळवायचे, पाणी तोडायचे. वजन उतरलं की खालच्या गटात खेळता येतं. एकदा काट्यावर उभ्या पोराच्या खिशात चिंचोके निघाले. "ह्यांना पन कुस्ती खेळवायची का रं?" सरांच्या पोटाकडे बघून मंजुळा म्हणाली, "सर, तुमी कंच्या गटात?"

"मी गटात नाय गं, गोदामात."

मंजुळा ठाकरवाडीची. तिनं पायाला हात घातला की समोरची पडलीच. "ही लांब जानार," सर सांगत सुटायचे.

मग आरोग्य तपासणीत तिच्या रक्तात सिकलसेल निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं. रोग नाही, ती वाहक आहे. आईबापांपैकी एकाकडून आलेलं. खेळू दे. फक्त कोरडं ठेवून दमवायचं नाही. तसं केलं तर पेशी विळ्यासारख्या वाकतात, जिवावर बेतू शकतं.

सर म्हणाले, "मी तर सगळ्यांनाच कोरडं ठेवतो, बाई."

"आता ठेवू नका."

नाही ठेवलं. स्वेटर बंद केले, कळशी मैदानात आणली, मंजुळाचं नाव वरच्या गटात घातलं. तिथल्या मुली दांडग्या. ती पहिल्याच फेरीत हरली. "पानी पिऊन हरलीस तरी चालंल," सर म्हणाले.

तिला नाही चाललं. पुढच्या स्पर्धेआधी ती आमच्यासमोर पेला तोंडाला लावायची आणि न्हाणीमागे जाऊन चूळ टाकायची. हे कळलं ते ती मैदानात कोसळल्यावर. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. जीपमध्ये सर तिचे ओठ ओले करत होते. "असं का केलंस गं माझे बाय?"

"तुमीच तर शिकवलं, सर."

वाचली. पण मूत्रपिंडांना मार बसला. डॉक्टरांनी कुस्ती बंद सांगितली. बाप म्हणाला, "आता साळंतबी नाय धाडनार." मी वाडीवर दोनदा जाऊन आले. उपयोग झाला नाही.

सर दवाखान्यात रोज यायचे, पण वॉर्डाबाहेर बसून परत जायचे. आत चला म्हटलं तर म्हणाले, "आत जाऊन काय सांगू? एकदा शिकवलेलं काडून कसं घ्यायचं, बाई?"

 

आणि आता ही चावी. "माज्यानं नाय व्हनार." मी समजावलं, मग चिडले, मग चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत स्कूटर फाटकाबाहेर गेली होती.

१९ नोव्हेंबर. सकाळी पोरं नेहमीसारखी मैदानात जमली. कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी शिट्टी वाजवली. सगळी फाटकाकडे बघत उभी राहिली. मी पुन्हा वाजवली.