युसूफचा ताशा

कारंज्यात तेव्हा कापसाच्या हंगामात तंबूतला बायस्कोप यायचा. चित्रं हलायची, पण मुकी. त्यांना आवाज देणारे दोघं पडद्याखाली बसत, पेटीवर बबनराव आणि ताशावर युसूफ. एरवी लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या या हडकुळ्या माणसानं अख्ख्या गावाची पाचावर धारण बसवली होती, हे आज सांगून कुणाला पटायचं नाही.

त्याची तऱ्हाच उफराटी. बबनराव पडद्याकडे बघून वाजवी, तर युसूफ पडद्याकडे पाठ करून, लोकांची तोंडं बघत. म्हणायचा, भेव पडद्यावर कुठं असते, ते तर बसणाऱ्याच्या डोळ्यांत असते. खुनी जिना चढू लागला की हा काड्या इतक्या हलक्या फिरवी, की आवाज आहे की नाही तेच कळू नये. मग तोच आवाज तसूतसूनं वाढवायचा. लोकांचे श्वास अडकले, की ताशा एकदम बंद! त्या सन्नाट्यात मोठेमोठे अडतेसुद्धा शेजाऱ्याचा दंड धरायचे. रीळ बदलताना अंधार व्हायचा, तेव्हाही तो हलकी काडी चालूच ठेवी, म्हणून कुणी जागचं उठत नसे.

घरी हा रियाज खाटेच्या लाकडावर चाले. बायको सुगराबी भाकरी थापताना ऐकायची, अन् तिला मात्र कणभर भीती वाटत नसे. याचा युसूफला मनातून रागच यायचा.

तंबूच्या मधोमध कनात होती, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. पुरुषांचं दार पडद्याजवळ, बायांचं पार मागं, चित्रं दाखवणाऱ्या यंत्राच्या खोपटाशी. खेळ सुरू झाला की बायांचं दार दोरीनं करकचून बांधून टाकायचे, कुणी आत डोकावू नये म्हणून. कसली ही अक्कल! पण तेव्हा कुणालाच ते खटकलं नाही.

त्या सांजेला सुगराबी शेजारणींसोबत आली होती. पडद्यावर खुनी जिना चढत होता, युसूफच्या काड्या फिरत होत्या, आणि समोर, सगळ्यांच्या पाठीमागं, खोपटातून धूर निघताना त्याला दिसला. रिळानं पेट घेतला होता. पडदा काळा झाला. लोकांना वाटलं, रीळ बदलून राह्यले. सगळे श्वास धरून बसले.

युसूफच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावं तर चेंगराचेंगरी होणार, मधला खांब पडला की पेटता तंबू बायांच्या डोक्यावर. ताशा थांबवावा, तर थांबला म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार, हे त्यानंच गावाला शिकवलेलं. बायांचं दार बांधलेलं, आणि आग त्याच दाराशी; आधी पुरुष न घाबरता बाहेर निघाले, तरच बाहेरून धावत जाऊन बायांना सोडवता येणार. काड्या चालूच ठेवून त्यानं ताशाचा पट्टा गळ्यात अडकवला, उभा राहिला आणि वरातीचा ठेका धरला.

वरातीचा ताशा वाजला की आपला माणूस आपसूक उठतो आणि मागं चालू लागतो. बबनरावाला आधी वाटलं, याचं डोकं फिरलं. मग त्यानं युसूफचे डोळे पाहिले, दाराचा पडदा वर केला आणि हसल्यासारखं करून म्हणाला, चला मंडळी. माणसं हसत, काही कुरकुरत, एकामागं एक बाहेर पडू लागली. युसूफ पुढं वाजवत चालला होता, आणि प्रत्येक पावलागणिक सुगराबीपासून दूर जात होता. त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

बाहेर मोकळ्यात येताच त्यानं ताशा फेकला आणि बायांच्या अंगाला धावला. मागली बाजू धडधडून पेटली होती. बाजूचं तंबूचं कापड मात्र उभं चिरलेलं होतं, आणि सगळ्या बाया पलीकडच्या लिंबाखाली उभ्या होत्या. सुगराबीच्या हातात पानाच्या चंचीतला अडकित्ता होता.

युसूफ तिच्याजवळ गेला. तुले कसं समजलं, एवढंच त्यानं विचारलं.

"रोज घरी आयकतो मी तुमचा हात," ती म्हणाली. "दुसऱ्याले भेव दावतानी तो कदीच कापत नाही. आज कापून राह्यला होता. म्हून मी मांगं वळून पाह्यलं."

गावाला घाबरवणारा तो माणूस तिथंच मातीत बसला आणि लेकरासारखा रडला.