आळेफाट्यावरची भरती

हर्षालीच्या बायोडाटात ‘सिक्युरिटी’ हा शब्द होता, एवढ्यावर तिला नोकरी लागली. आधी ती चाकणच्या कारखान्यांना रखवालदार पुरवायची. घाटघरच्या रामदासनं बंगळूरची नोकरी सोडून २००४ साली आळेफाट्याला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कंपनी काढली होती. तीही सिक्युरिटीचीच. बँकांचे संदेश वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यांना गणिताचं कुलूप घालायचं, असं काम. त्यातली जाणकार माणसं हर्षालीनं शोधायची.

“म्हंजी गुपित ठिवायची कंपनी,” तिचे वडील चांगदेव म्हणाले. “मंग जाहिरात कशी देनार?”

जाहिरात दिली. पुण्याहून पोरं आली. रामदास प्रत्येकाला स्वतः शोधून काढलेली पद्धत समजावायचा आणि कुलूप घातलेला मजकूर वाचायला द्यायचा. कुणालाच तो वाचता यायचा नाही. रामदास खूश व्हायचा. पोरं पुण्याची गाडी कधी आहे ते विचारायची आणि पुन्हा यायची नाहीत.

मग इंद्रायणी आली. गणितात पीएचडी. नवरा मंचरला डॉक्टर, त्यामुळं गावाबद्दल तक्रार नव्हती. लाइट गेली होती म्हणून तिनं कागद मागितला. हर्षालीनं चहा मागवला. तो येऊन निवला, त्यावर साय धरली. तेव्हा इंद्रायणीनं वाचलं, “जानकूकाकाला सांग, तांदूळ पाठव.”

“कळवतो,” रामदास म्हणाला.

ती गेल्यावर तो हर्षालीला म्हणाला, “बाई फार शिकलेली आहे. आपल्याकडं टिकायची नाही.”

“नाही म्हणून कळवू?”

“कळवा.”

हर्षालीचं गणित दहावीलाच कसंबसं सुटलं होतं, पण उतरलेला चेहरा तिला कळायचा. “सर, मग नवी जाहिरात टाकते,” ती म्हणाली. “काय लिहू? हे ज्यांना उघडता येत नाही त्यांनीच अर्ज करावा, असं?”

रामदास खिडकीतून नाशिककडं जाणारे ट्रक बघत राहिला.

“लई वर्सं घातली व्हती मी त्याच्यात,” तो म्हणाला. ऑफिसात तो एरवी गावाकडचं बोलायचा नाही.

“हो, सर.”

संध्याकाळी त्यानंच इंद्रायणीला फोन लावला.

इंद्रायणीनं रुजू होताच रामदासची पद्धत बाजूला ठेवली आणि पुस्तकात छापून आलेली, जगाला ठाऊक असलेली एक घेतली. हर्षालीला तिनं सांगितलं, “पद्धत उघडीच बरी. पुष्कळांनी ती मोडायचा प्रयत्न केलेला असतो. लपवायची फक्त किल्ली. आता एक माणूस असा शोधा, जो माझं काम मोडून दाखवील.”

“पगार देऊन?”

“चांगला द्या.”

तसा माणूस मिळायला हर्षालीला वर्ष लागलं. तोवर ते काम रामदासनं स्वतःकडं घेतलं. रोज जेवण झालं की तो इंद्रायणीचं कुलूप घेऊन बसायचा. त्याला ते उघडता आलं नाही. स्वभाव मात्र बराच निवळला, आणि दुसऱ्या वर्षी एका बँकेनं त्यांना काम दिलं.