सुकटीच्या टोपलीपाशी

धाराशिवच्या आठवडी बाजारात सुकटीचा वास आला की माझे पाय थांबतात. आम्ही लिंगायत, घरात मासळी कधी शिजली नाही. तरी तो वास मला चाळीस वर्षं मागं, कोकणातल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या शाळेवर नेतो.

तिथं माझं कुणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलांनी एका रविवारी मला शिडाच्या होडीत घेतलं. वारा सुसाट होता, ओठांवर मीठ साचत होतं. गळाची दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. तिला हिसका बसला आणि चकाकती सुरमई वर आली.

"पहिला मासा धरणाऱ्याचा, गुरुजी."

"आमच्यात चालत न्हाय हो."

त्यांनी गळ अलगद काढून मासा पाण्यात सोडला आणि माझ्या डब्यातली अर्धी भाकरी मागून घेतली. "घरात एकटाच जेवतो मी," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी हाक मारली, तेव्हा वह्या तपासायच्यात म्हणून मी गेलो नाही.

"काका, घेत तर न्हाय, मग थांबता कशाला?" सुकटवाली विचारते.

काय सांगू? आता मीही घरी एकटाच भाकरी मोडतो. अर्धी रोज उरते.