चालून आलेले पाय

दमलेला माणूस दिसला की माझी बायको नलू त्याचे पाय ओढून मांडीवर घ्यायची आणि चेपायला लागायची. मग तो कुरियरवाला असो की माझी बहीण. तिला लाज नव्हती, समोरच्यालाच वाटायची.

ही सवय कैलादेवीच्या यात्रेच्या रस्त्यावरची. दर चैत्रात आमच्या हजीरा मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर ती पायी जायची. हातात नुसती पाण्याची बाटली. वाटेत जागोजागी भंडारे. तिथले लोक यात्रेकरूंना पुरी-भाजी वाढतात, पाय धुऊन चेपून देतात. मोठा शेठही त्यासाठी खाली बसतो. मी कधी गेलो नाही. सातवी शिकलेला, सायकलदुकानवाला माणूस. देवाशी माझं फारसं जमत नाही.

आमची लेक मंजू पहाडात ट्रेकिंग करते. एकदा आईलाही उत्तराखंडात घेऊन गेली. जंगलातून कित्येक दिवस चालायचं, ओझं ज्याचं त्यानं वाहायचं. परत आल्यावर मंजूने कपाळाला हात लावला. "बाबा, आईने पुऱ्या ग्रुपचे पाय दाबले! तंबू-तंबूत जाऊन! सब शर्म से लाल!"

"मग? दुखत होते ना त्यांचे?" नलू म्हणाली. "पहाड सुंदर आहे हो, देवीच्या रस्त्यापेक्षा शंभरपट. पण तिथे पोचल्यावर जो तो आपला तंबू ठोकतो, आपले पाय आपणच चोळतो. पोचल्यासारखं वाटतच नाही."

"आई, तेच तर शिकायचं असतं. कोणावाचून अडायचं नाही."

"शिकले. आवडलं नाही."

मागच्या हिवाळ्यात तिच्या किडन्या गेल्या. पाय सुजून खांब झाले. दिवसभर कण्हायची, पण मी हात लावला की पाय आखडून घ्यायची. "नवऱ्याने पाय धरायचे? मला पाप लावता?" मंजू नोकरीवरून येऊन चेपायची, तोवर ही सोसत पडायची. माझ्याच्याने ते बघवेना. एके दुपारी भडकलोच.

"नवरा गेला चुलीत! मी भंडाऱ्यावर बसलोय. तू चालून आलीयस. आण इकडे पाय."

ती बघत राहिली. मग हसली आणि पाय सैल सोडले. मी सरसूचं तेल घेऊन बसलो. बोट दाबलं की खळगा पडायचा, भरायला वेळ लागायचा.

डोळे मिटून ती म्हणाली, "भैया, मंदिर अब कितना दूर है?"

उभ्या संसारात पहिल्यांदा भैया म्हणाली मला.

"बस, सामने ही है, बहनजी," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर तिने मंजूची वाट पाहिली नाही. दुखलं की न बोलता पाय माझ्याकडे सरकवायची. गेली त्या सकाळीसुद्धा.