कांद्यानं डोकं दुखत नाही

लेक नोकरीसाठी बंगळुरूला निघाली, त्या सकाळी तिला गाडीत बसवून घरी आलो आणि आमचे हे सरळ स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी कधी सुरी हातात धरली नव्हती. थोड्या वेळानं डोकावून पाहिलं, तर डोळे लाल आणि नाक वाहतंय.

"कांदा फार झोंबरा आहे," म्हणाले.

दुपारी मात्र कपाळाला रुमाल बांधून आडवे झाले आणि बाम मागू लागले. बाम चोळताना मला हसू येत होतं. कांदा नुसता डोळ्यांना झोंबतो, पाणी पुसलं की संपलं. खऱ्या रडण्याचं तेवढ्यावर भागत नाही. ते आवरताना दात आवळले जातात, कपाळ ताणतं, नाक चोंदतं, आणि डोळे कोरडे झाले तरी डोकं ठणकत राहतं.

"अहो, कांद्यानं डोकं नाही दुखत," मी म्हटलं.

यांनी डोळे उघडले नाहीत. तसेच बामाची बाटली माझ्याकडे सरकवत म्हणाले, "थोडा तूही लाव. सकाळपासून कपाळ दाबत फिरते आहेस."

मी तर एकही कांदा चिरला नव्हता.