अबू सत्तामचा प्लग

अम्मानबाहेर मुवक्कर गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि उघडा माळ सुरू होतो, तिथे अबू सत्तामचं कोंबड्यांचं फार्म आहे. बायको वारलेली, दोन्ही मुलं कुवेतला, म्हातारा एकटा. आवाज असा की तो ‘या’ म्हणाला तरी पाहुण्याला हाकलल्यासारखं वाटावं. कोंबड्यांशी तो भांडतो आणि त्यांच्या उत्तराची वाटही बघतो, हे मी स्वतः पाहिलंय.

फार्मला लागून असलेला सपाट माळ म्हणजे आमचा विमानतळ. आम्ही म्हणजे अम्मानमधले दहाबारा घोडे, दर शुक्रवारी नमाजानंतर खेळण्यातली विमानं उडवायला जाणारे. खेळणी म्हटलेलं पाशांना खपत नाही. पाशा म्हणजे आमचे म्होरके, सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर. मला विचाराल तर त्या शुक्रवारावरच मी आठवडा काढतो. बाकी सहा दिवस गाड्यांचे सुटे भाग विकणारा माणूस दुसरं काय करणार?

ही विमानं बॅटरीवर उडतात. बॅटरी हवेत पाचसात मिनिटांत संपते आणि भरायला तासभर घेते. माळावर वीज कुठली असणार? ती होती फक्त अबू सत्तामच्या बाहेरच्या भिंतीवर. पहिल्या वर्षी पाशांनी विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, “लावा.” बस, एवढंच. मग चार वर्षं आम्ही त्याच्या भिंतीला चार्जर लावत आलो.

घोळ घातला लुअयने. हा पेशाने औषधवाला, दुकानात गोळ्या मोजताना हात कसा दगडासारखा स्थिर. विमान हाती आलं की मात्र देवच वाली. त्याचं नवंकोरं विमान खुराड्याच्या पत्र्यावर धाडकन आदळलं आणि कोंबड्यांनी माळ डोक्यावर घेतला. अबू सत्ताम बाहेर आला. त्याने आमच्या चार्जरच्या रांगेकडे पाहिलं, प्लग उपसला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शिव्या तरी द्यायच्या होत्या! आम्हाला हायसं वाटलं असतं.

पुढचे शुक्रवार आठवले की अजून माझं डोकं फिरतं. लुअयने चार्जर गाडीच्या बॅटरीला जोडले. विमान उडालं, पण संध्याकाळी गाडी सुरू होईना, ती आम्ही रस्त्यापर्यंत ढकलत नेली. पाशांनी जनरेटर आणला. तो एवढा ठणाणा करायचा की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे, आणि त्याची वीज अशी हेलकावे खाणारी की चार्जर घटकेघटकेला किंचाळून बंद पडत. मी सोलरचे पत्रे आणले, ते वाऱ्याने उचलून कोरड्या ओढ्यात नेऊन टाकले. एकेक जण यायचा बंद झाला. एका शुक्रवारी आम्ही तिघेच उरलो. हे असंच चाललं असतं तर रमजानपर्यंत सगळं मोडलं असतं.

“रीतसर जाऊ,” पाशा म्हणाले. “मुलगी मागायला जातात तसे.”

“पाशा, आपण प्लग मागतोय,” मी म्हणालो.

“मग? माणूस तोच, मान तोच.”

आमच्याकडे मागणं घेऊन मंडळी जाते तेव्हा यजमान कॉफी देतो. म्होरक्या पेला समोर ठेवतो आणि मागणं मान्य होईपर्यंत ओठाला लावत नाही. मुलगी मागताना हेच, खुनाचं वैर मिटवतानाही हेच. पाशांनी आयुष्यात अशा कितीतरी मंडळ्या नेल्या असतील. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

पांगलेले सगळे परत गोळा केले. पाशांनी सोनेरी काठाचा काळा झगा चढवला, लुअयला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि भर दुपारी उन्हात आमची वरात निघाली. पाशांची गाडी त्या दिवशी नेमकी वाळूत रुतली, शेवटचा पल्ला पायी. दारात पोचलो तेव्हा पाशांच्या जिभेला कोरड पडली होती.

अबू सत्तामने गाद्यांवर बसवलं. कॉफी ओतली, पहिला पेला पाशांच्या हाती दिला. आणि पाशा प्यायले! एका घोटात! वर पेला हलवून परतही दिला, म्हणजे ‘पुरे, भरून पावलो’.

पाशांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

“प्यायलात,” अबू सत्ताम म्हणाला. “म्हणजे मागायला काही नाही. भेटायला आलात, बरं वाटलं.”

लुअय उसळला, “काका, कॉफी कधी पितात? मागणं मान्य झाल्यावर! पाशा प्यायले म्हणजे तुम्ही दिलंत!”

“वा रे पठ्ठ्या! आधी माझ्या कोंबड्यांच्या डोक्यावर विमान टाकतोस, आता मला रीत शिकवतोस?”

आणि तो हसला. चार वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले. त्याने पेला पुन्हा भरला, पाशांसमोर ठेवला. “घ्या, पहिल्यापासून. मागा नीट.”

पाशांनी घसा खाकरला. “अबू सत्ताम, आम्ही तुमच्या दारी वीज मागायला आलोय.”

“बॅटरी भरायला किती वेळ लागतो?”

“तासभर.”

“तो तासभर तुम्ही कुठं बसता?”

पाशांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हणालो, “गाडीत. एसी लावून.”

“गाडीत,” तो म्हणाला. “चार वर्षं. माझ्या दाराकडे पाठ करून. दर शुक्रवारी मी कॉफी करायचो. एवढे लोक दारात आलेत, कुणीतरी आत येईल म्हणून. थंड झाली की ओतून द्यायचो. कोंबड्या तर ते विमान त्याच संध्याकाळी विसरल्या हो.”

माझी मान खाली गेली, आणि सांगतो, सगळ्यांची गेली.

“वीज देतो,” तो म्हणाला. “पण चार्जर आत लावायचे. इथे, माणसांत.”

“काका, या बॅटऱ्या कधीकधी पेट घेतात,” लुअय घाबरत म्हणाला. “घरात नको. म्हणून तर बाहेर...”

अबू सत्ताम उठून आत गेला. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग तो बाहेर आला तो मनसफ, म्हणजे आमचा मेजवानीचा मटणभात, वाढायची भली थोरली परात घेऊन, दोन माणसांनी उचलावी अशी. ती त्याने ओसरीत फरशीवर मांडली, मूठमूठ वाळू आणून तळाला पसरली आणि आतून वायर ओढून आणली.

“ठेवा यात,” तो म्हणाला. “पोरं गेल्यापासून खाली काढली नव्हती.”

आम्ही परातीभोवती मांडी घालून बसलो. बॅटऱ्या वाळूत मांडल्या, एकेका चार्जरचा लाल दिवा लागला. पाशांनी कॉफी घेतली. तासाभराने दिवे हिरवे झाले, आणि कुणीच उठलं नाही.